हायड्रोजनमध्ये आवाज इथेनॉलपेक्षा जलद कसा? नववीच्या तक्त्यावरून पडलेला प्रश्न

चिटणीसगोठ

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते आणि घरीच नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. सध्या ध्वनीचा धडा चालू आहे. वर्गातल्या एका मुलीने असा प्रश्न विचारला की तो "पुस्तकात असंच दिलंय" म्हणून मिटवणं मला पटत नाही. म्हणून हा धागा.

पुस्तकात, गाईडमध्ये, व्हिडिओंमध्ये सगळीकडे एकच वाक्य सापडतं: स्थायूत कण अगदी जवळ असतात म्हणून ध्वनी सर्वांत वेगाने जातो, द्रवात त्याहून हळू, आणि वायूत कण लांब लांब असतात म्हणून सर्वांत हळू. त्याच धड्यात २५ अंश सेल्सिअसला वेगवेगळ्या माध्यमांतला वेग दिलेला तक्ता आहे. ॲल्युमिनियम ६४२०, पोलाद ५९६०, पितळ ४७००, समुद्राचं पाणी १५३१, इथेनॉल १२०७, हायड्रोजन १२८४, हवा ३४६, सल्फर डायऑक्साइड २१३. सगळे आकडे मीटर प्रति सेकंद.

मुलीने दोन ठिकाणी बोट ठेवलं. हायड्रोजन वायू आहे आणि इथेनॉल द्रव, मग हायड्रोजन पुढे कसा? आणि ॲल्युमिनियम पितळेपेक्षा कितीतरी हलकं असूनही त्यात आवाज जास्त वेगाने कसा जातो? "कण जवळ" या कारणाने दोन्हींचं उत्तर मिळत नाही. सूत्र मला ठाऊक आहे, पण नववीच्या मुलीला सूत्राशिवाय, तरीही खोटं न सांगता कसं समजवावं? अनुभव, उदाहरणं, प्रयोग, सगळं चालेल.

मुरारकर

प्रश्न आवडला. पण ताई, परीक्षेत "कण जवळ" लिहिलं तरच गुण मिळतात हेही लक्षात असू द्या. इकडे मुलांचं वर्ष त्यावर ठरतं.

अनुतरंग

ताई, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. तिने तक्ता वाचला, बहुतेक मुलं तो पाठ करतात.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं, आणि "कण जवळ म्हणून वेग जास्त" हे वाक्य मला कायम खटकत आलं आहे. ते साफ खोटं नाही, पण खरं कारण सोडून त्याच्या शेजारच्या गोष्टीकडे बोट दाखवतं. कण जवळ असणं आणि कणांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवणं या गोष्टी बऱ्याचदा बरोबर येतात, म्हणून घोळ होतो. वेग ठरतो तो दोन बाबींवर. पदार्थ दाबला की किती जोराने परत उसळतो, ही एक. आणि जो भाग हलवायचा आहे तो किती जड आहे, ही दुसरी. उसळी जोरदार तर वेग वाढतो, वजन जास्त तर वेग घटतो.

वर्गात मी मुलांना रांगेत उभं करायचो. प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि मागून एक हलका धक्का द्यायचा. हात ताठ असतील तर धक्का झटकन पुढच्या टोकाला पोचतो, कोपरं सैल असतील तर रेंगाळतो. आता हात तसेच ताठ ठेवा, पण प्रत्येकाच्या पाठीवर भरलेलं दप्तर द्या. धक्का पुन्हा रेंगाळतो, कारण जड मुलगा हलायला वेळ घेतो. या सगळ्यात मुलांमधलं अंतर कुठेच बदललेलं नाही.

आता तिचा हायड्रोजन घेऊ, आणि त्याच्या शेजारी तक्त्यातलाच सल्फर डायऑक्साइड. एकाच तापमानाला आणि एकाच दाबाला कुठल्याही वायूच्या एक लिटरमध्ये रेणूंची संख्या जवळपास सारखीच असते, हे ॲव्होगॅड्रोचं तत्त्व. म्हणजे दोन्ही वायूंत रेणूंमधलं सरासरी अंतर सारखं, आणि दाब सारखा म्हणून उसळीही जवळपास सारखी. तरी एकात १२८४ आणि दुसऱ्यात २१३, सुमारे सहापट फरक! का? हायड्रोजनच्या रेणूचं वजन २, सल्फर डायऑक्साइडचं ६४. बत्तीसपट जड. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि ३२ चं वर्गमूळ साडेपाचच्या थोडं वर येतं. उरलेला थोडा फरक त्या रेणूंच्या रचनेमुळे पडतो. अंतर सारखं ठेवून वेग सहापट बदलला, तर "कण जवळ" हे कारण तिथेच संपलं.

चिटणीसगोठ

सर, हे उदाहरण त्याच तक्त्यात माझ्या डोळ्यांसमोर होतं, फारच उपयोगी. पण स्थायू-द्रवाचं असंच एखादं आहे का? मुली म्हणतील, वायूंचं झालं, पण घट्ट पदार्थात तर अंतरामुळेच ना?

अनुतरंग

आहे, आणि ते घरच्या फ्रीजमध्ये आहे. बर्फ आणि पाणी. रेणू तेच. बर्फ पाण्यावर तरंगतो, म्हणजे बर्फात रेणू सरासरीने पाण्यापेक्षा विरळ बसलेले असतात. "कण जवळ" हा नियम खरा असता तर पाण्यात आवाज जास्त वेगाने जायला हवा होता. प्रत्यक्षात शून्य अंशाच्या पाण्यात वेग सुमारे १४००, आणि बर्फात ३८०० च्या आसपास. रेणू थोडे लांब गेले, पण जागेवर जखडले गेले, त्यांची जाळी ताठ झाली. ताठपणा जिंकला.

दुसरं उदाहरण शिशाचं. शिसं पोलादापेक्षा दीडपट जड, तरी शिशाच्या सळीत आवाज सेकंदाला साधारण १२०० मीटर जातो आणि पोलादाच्या सळीत ५००० च्या वर. शिसं नखाने ओरखडतं इतकं मऊ. मऊ रबराच्या पट्टीत तर वेग हवेपेक्षाही कमी भरतो, आणि रबर स्थायूच आहे.

मग साधारणपणे स्थायू पुढे का असतात? कारण ताठपणातला फरक प्रचंड असतो. हवा आणि पाणी यांची तुलना कागदावर करून बघा. पाणी हवेच्या ८३० पट जड आहे. नुसत्या वजनाने पाण्यात आवाज फार हळू जायला हवा. पण पाणी दाबायला हवेच्या सुमारे १५,५०० पट कठीण. १५,५०० भागिले ८३० म्हणजे सुमारे १८.७, त्याचं वर्गमूळ ४.३. हवेचा २० अंशांचा वेग ३४३ गुणिले ४.३ करा, पाण्याचा वेग हातात येतो. नववीच्या मुलीला वर्गमूळ येतं. हे गणित तिला स्वतःला करू द्या, मी सांगून जो विश्वास बसेल त्याहून जास्त बसेल.

रूळ आणि खडी

मी रेल्वेत पी-वे विभागात, म्हणजे रुळांच्या देखभालीत होतो, आता निवृत्त. सरांच्या लिहिण्यात एक शंका. आम्हाला प्रशिक्षणात पोलादातला वेग ५९०० च्या पुढे शिकवला होता, रूळ तपासायचं यंत्र त्याच आकड्यावर चालतं. आणि सर सळीत ५००० म्हणतात. दोन्ही बरोबर कसे?

अनुभवाचंही थोडं सांगतो. कीमन रोज आपल्या हद्दीत रुळावरून चालत जातो आणि रूळ पकडून ठेवणाऱ्या चाव्या हातोड्याने ठोकत जातो. घट्ट बसलेल्या चावीचा आवाज खणखणीत येतो, सैल चावीचा बद्द. अनुभवी कीमनला खाली वाकून बघावंही लागत नाही. पोलादाच्या आत तडा असेल तर तो मात्र कानाला कळत नाही. त्यासाठी अल्ट्रासोनिक तपासणी असते. यंत्रातून रुळात अतिशय उंच पट्टीचा, माणसाला न ऐकू येणारा ध्वनी सोडतात. आत तडा असेल तर तो तिथूनच परत फिरतो, आणि परत यायला लागलेल्या वेळावरून तडा किती खोल आहे ते कळतं. यंत्राच्या तळाशी आणि रुळाच्या मध्ये पाणी सोडत जावं लागतं. पाणी संपलं की पडद्यावर काहीच दिसत नाही.

अनुतरंग

साहेब, दोन्ही आकडे बरोबर आहेत. बारीक सळी लांबीच्या दिशेने दाबली की ती बाजूंना थोडी फुगते, तिला बाजूला पळायला जागा असते. त्यामुळे उसळी थोडी कमी पडते आणि वेग ५१०० च्या आसपास येतो. जाड ठोकळ्याच्या आत मात्र बाजूचं पोलाद फुगू देत नाही, म्हणून तिथे ५९६०. तुमच्या यंत्राच्या ध्वनीची तरंगलांबी काही मिलिमीटर, त्याच्या दृष्टीने रूळ म्हणजे जाड ठोकळाच. ताईंच्या तक्त्यातले धातूंचे आकडेही ठोकळ्याचेच आहेत. मुलं दोन पुस्तकांत दोन आकडे बघून गोंधळतात त्याचं कारण हे.

पाण्याचा मुद्दा तुम्ही फार मोलाचा काढलात. कोणीतरी तो पुढे न्यावा.

मुरारकर

मीच नेतो, कारण माझा मूळ प्रश्न तोच आहे. आमच्या घरामागे लग्नाचं गार्डन आहे. स्थायूतून आवाज इतका छान जातो म्हणता, मग दार-खिडक्या लावल्या की गाण्याचे शब्द ऐकू येणं बंद का होतं? भिंत स्थायूच आहे ना? उलट वरच्या मजल्यावर कोणी खलबत्त्यात मसाला कुटला की तो थेट डोक्यात वाजतो. भिंत एक आवाज अडवते आणि दुसरा पोचवते, हे कसं?

ध्वनिचित्र

मी सोनोग्राफी करते, त्यामुळे या प्रश्नाशी रोजच गाठ पडते.

आवाज एखाद्या पदार्थात किती वेगाने जातो हा एक प्रश्न, आणि तो त्या पदार्थात मुळात शिरतो का हा दुसरा. धाग्यात आतापर्यंत पहिल्यावर चर्चा झाली. दोन पदार्थांचा जडपणा आणि ताठपणा जितका वेगळा, तितका आवाज त्यांच्या सीमेवरून माघारी फिरतो. हवेतून पाण्यात जाताना सीमेवर सरळ आदळलेल्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी हजारातला जेमतेम एक भाग आत जातो, बाकी सगळी परतते. हवेतून वीट-सिमेंटमध्ये जाताना त्याहूनही कमी. म्हणून गार्डनमधला आवाज तुमच्या भिंतीवर आपटून परत जातो, आणि जो काही ऐकू येतो तो बराचसा फटींतून आणि खिडकीच्या पातळ काचेतून येतो.

खलबत्त्याचं वेगळं. तिथे आवाज हवेतून स्लॅबमध्ये शिरत नाही, बत्ता थेट स्लॅबलाच धक्का देतो. सीमा ओलांडायचा प्रश्नच उरला नाही. मग तो धक्का काँक्रीटमधून सुखाने खाली उतरतो आणि तुमचं अख्खं छत पडद्यासारखं हलून खोलीतल्या हवेला हलवतं. वरच्यांना खलबत्त्याखाली जाड रबर किंवा जुन्या सतरंजीची घडी ठेवायला सांगा, बराच फरक पडेल.

सोनोग्राफीत आम्ही पोटावर जेल लावतो तेही यासाठीच. यंत्राच्या टोकात आणि त्वचेत केसाएवढी हवा राहिली तरी ध्वनी तिथूनच माघारी फिरतो. शरीराच्या मऊ भागांत वेग सरासरी १५४० मीटर धरतात, जवळपास पाण्याएवढाच, कारण आपण बऱ्याच अंशी पाणीच आहोत. फुप्फुसात हवा आणि हाडं फार ताठ, म्हणून त्यांच्या पलीकडचं आम्हाला नीट दिसत नाही.

आणि कान! आपल्या आतल्या कानात द्रव आहे. बाहेर हवा, आत द्रव. म्हणजे हजारातला एक भागच आत शिरायला हवा होता. मधल्या कानातली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडं हा तोटा भरून काढतात. मोठ्या कानपडद्यावर गोळा झालेलं बल त्याच्या सतरा-अठरापट लहान खिडकीवर नेऊन दाबतात. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

मुरारकर

ताई, खुलासा पटला. पण ढोल आणि डीजेचा धमधम मात्र भिंतीतूनच येतो, खिडकी बंद असली तरी छाती हलते.

ध्वनिचित्र

हो. खालच्या पट्टीचा आवाज भिंतीला सावकाश ढकलतो. सावकाश ढकललेली जड वस्तू हलते, भराभर मागेपुढे ढकलली तर हलायच्या आतच धक्का उलटा होतो. म्हणून शब्द अडतात आणि धमधम पोचतं. यावर उपाय भिंत जड करणं. वजन दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. लग्नसराईपुरतं सांगायचं तर ते कोणाला परवडणारं नाही.

माहेर ग्वाल्हेर

माझं माहेर दौलतगंज, आता पुण्यात. धागा वाचून किल्ल्यावरचा मानमंदिर राजवाडा आठवला. तळघरात उतरलं की गाईड भिंतीतली भोकं दाखवून सांगतात, राजा मानसिंहाच्या काळी इथून वरच्या मजल्यावर बोलता यायचं. तो आवाज दगडातून जायचा का?

अनुतरंग

त्या भोकांचा वापर नेमका कसा होत होता ते इतिहासवाल्यांवर सोडतो. पण अशा भोकातून बोललं तर आवाज दगडातून जात नाही, भोकातल्या हवेतून जातो. वेगही हवेचाच, सुमारे ३४०. फायदा वेगळा आहे. उघड्यावर आवाज चहूकडे पसरतो आणि अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो. नळीत त्याला पसरायला जागाच नाही. भिंती गुळगुळीत आणि ताठ, म्हणजे आवाज त्यांत शिरत नाही, आतल्या आत पुढे सरकत राहतो. मघाशी ज्या परावर्तनाने मुरारकरांच्या भिंतीवर गाण्याचे शब्द अडवले तेच इथे आवाज सांभाळून नेतं.

याचा गाजलेला पुरावा पॅरिसचा आहे. १८०८ मध्ये झाँ-बातिस्त ब्यो या शास्त्रज्ञाने पाणीपुरवठ्याच्या नव्या ओतीव लोखंडी नळांची ९५१ मीटर लांबीची ओळ वापरली. एका टोकाला ठोका मारला की दुसऱ्या टोकाला दोन ठोके ऐकू यायचे, पहिला लोखंडातून आलेला आणि सुमारे अडीच सेकंदांनी दुसरा, आतल्या हवेतून आलेला. त्यावरून त्याने लोखंडातला वेग हवेच्या साधारण साडेदहापट काढला. आणि तिथेच त्याला आढळलं की नळाच्या एका टोकाला अगदी हळू कुजबुजलं तरी जवळपास एक किलोमीटरवर ते समजतं. एकाच नळात दोन्ही गोष्टी: लोखंड वेग दाखवतं आणि आतली हवा राखण दाखवते.

पाण्यातला वेग पहिल्यांदा नीट मोजला तो १८२६ मध्ये, जिनिव्हाच्या सरोवरात. कोलादों आणि स्टुर्म या दोघांनी. एका होडीतून पाण्यात घंटा सोडली होती. तिच्यावर हातोडा पडला की त्याच क्षणी होडीवर बंदुकीच्या दारूचा भडका उडायचा. साडेतेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीत पाण्यात बुडवलेल्या लांब कर्ण्याला कान लावून, भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजला. रात्रीच्या अंधारात तो भडका दिसायचा. नऊ सेकंदांच्या थोडं वर. उत्तर आलं सेकंदाला १४३५ मीटर, पाणी ८ अंशांच्या आसपास होतं. आजच्या आकड्याला किती जवळ आहे बघा! घड्याळ, घंटा आणि धीर एवढंच त्यांच्याकडे होतं.

स्वरभान

ग्वाल्हेरचा धागा आहे आणि गाण्याचा विषय अजून निघाला नाही, म्हणून लिहितेय. मी तानपुरा घेऊन बसणारी, भौतिकशास्त्र शाळेपुरतं.

तार नुसती ताणून छेडली, कशालाही न टेकवता, तर जेमतेम किणकिण ऐकू येते. तीच तार घोडीवर, म्हणजे तारेखालच्या आधारावर, टेकली की अख्खी खोली भरते. तार बारीक, ती हवेला कापत जाते, ढकलत नाही. घोडी तारेचं कंपन तबलीला, म्हणजे तुंब्यावरच्या लाकडी झाकणाला देते, तबली रुंद, ती हवेला ढकलते, आणि तुंब्यातली हवा तिला साथ देते. तार, घोडी, लाकूड, हवा असा प्रवास. ध्वनिचित्र ताईंनी सीमेचं सांगितलं ते वाचून मला घोडीचं खरं काम कळलं.

आणखी एक. जुळवताना मी कधी कधी दांडीला कानामागचं हाड टेकवते. आजूबाजूला गोंगाट असला तरी स्वर स्वच्छ मिळतो, हवेची मधली पायरी गाळली जाते म्हणून. आपलाच आवाज रेकॉर्डिंगमध्ये परका वाटतो त्याचंही मूळ इथेच आहे. स्वतःचा आवाज आपण हवेतून ऐकतो आणि कवटीच्या हाडांतूनही. हाडांतून खर्जाचा भाग जास्त येतो. फोन फक्त हवेतला ऐकतो. नव्या विद्यार्थ्यांना हे आधीच सांगावं, नाहीतर पहिलं रेकॉर्डिंग ऐकून काहीजण खचतात.

माझा प्रश्न थंडीचा आहे. डिसेंबरात हजीऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी, तानसेन समारोहात रात्री उघड्यावर बसलं की बासरी उतरते म्हणून बासरीवाले सुरुवातीला बराच वेळ फुंकत बसतात, आणि तानपुरे मात्र उलट चढतात. दोघांना थंडी एकच, मग उलटसुलट का?

अनुतरंग

दोन वाद्यांत दोन वेगळी माध्यमं स्वर ठरवतात म्हणून. तानपुऱ्यात तार. थंडीत धातू आकसतो, तार जास्त ताणली जाते, स्वर चढतो. बासरीत हवेचा स्तंभ. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी, म्हणून स्वर उतरतो. ५ अंशांच्या हवेत वेग ३३४, २५ अंशांना ३४६. साडेतीन टक्क्यांचा फरक, म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त. फुंकून फुंकून श्वासाच्या उबेने आतली हवा तापवली की बासरी जागेवर येते.

ग्वाल्हेरला हे फार ठळक होतं कारण इथलं तापमान दोन्ही टोकं गाठतं. जानेवारीत पहाटे २ अंश धरा, वेग ३३२. मे महिन्यात दुपारी ४५ अंश, वेग ३५८ च्या आसपास. दर अंशाला साधारण ०.६ मीटर. तापलेल्या हवेत रेणू जास्त वेगाने धावतात, त्यामुळे धक्का पुढच्या रेणूकडे लवकर पोचतो. हवेचा दाब बदलून मात्र वेग बदलत नाही, कारण दाब दुप्पट केला की उसळी दुप्पट आणि घनताही दुप्पट, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

जाता जाता, या हवेतल्या वेगाने न्यूटनलाही दाद दिली नव्हती. १६८७ च्या त्याच्या ग्रंथात त्याने हा वेग गणिताने काढला, पण उत्तर प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी येत होतं. त्याने धरलं होतं की आवाज जाताना हवेचं तापमान तेवढंच राहतं. शंभराहून अधिक वर्षांनी लाप्लासने दाखवलं की दाबल्या गेलेल्या हवेला उष्णता बाहेर टाकायला सवडच मिळत नाही. ती क्षणभर तापते, तापल्याने जास्त जोराने उसळते, आणि वेग वाढतो. मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, कारण सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो हे त्यांनी हाताने अनुभवलेलं असतं.

किल्ल्याखालचा

थंडीचाच विषय आहे तर, मी किल्ल्याच्या पायथ्याशी राहतो. हिवाळ्यात पहाटे वरच्या गुरुद्वारातलं कीर्तन आणि लांबच्या गाडीची शिटी स्पष्ट ऐकू येते, उन्हाळ्यात दुपारी काहीच नाही. थंडीत वेग कमी होतो म्हणता, मग आवाज जास्त लांब कसा येतो? आमच्याकडे म्हणतात की कोहरा, म्हणजे धुकं, आवाज वाहून आणतो.

अनुतरंग

वेग आणि पल्ला पुन्हा वेगळे. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तिच्यापेक्षा उबदार असते. वरच्या थरात आवाज जरा वेगाने पुढे सरकतो, खालच्या थरात मागे राहतो, त्यामुळे आवाजाची आघाडी जमिनीकडे झुकते. वर निसटून जाणारा आवाज खाली वळून आपल्याकडे येतो. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापलेली, म्हणून नेमकं उलट: आवाज वर वळतो आणि आपण त्याच्या सावलीत राहतो. कोहरा पडतो तोही अशाच शांत, थंड, खाली गार-वर उबदार अशा हवेत. दोघांचं कारण एक, म्हणून कोहऱ्याला श्रेय मिळतं. शिवाय पहाटे रहदारी नसते, ते वेगळंच.

भूस्तर

एक भर घालतो, कारण पाठ्यपुस्तकात ही गोष्ट धड्याच्या बाहेर राहते. हवेत आणि पाण्यात ध्वनी फक्त दाबत-सैल करत जातो. स्थायूत मात्र आडवं हलत जाणारा तरंगही जाऊ शकतो, कारण स्थायू आडवा सरकवला तरी परत जागेवर येतो. पाणी आडवं सरकवलं तर ते तसंच राहतं.

यावरून पृथ्वीचं पोट कळलं. १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला. भूकंपाच्या नोंदींत आधी पोचणारे दाबाचे तरंग आणि मागून येणारे आडवे तरंग त्यांनी वेगळे ओळखले, आणि १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा आहे याचा पुरावा मांडला. पुढे लक्षात आलं की आडवे तरंग गाभ्याच्या बाहेरच्या भागातून जातच नाहीत, म्हणजे तो भाग द्रव आहे. तीन हजार किलोमीटर खोलवर कोणी गेलं नाही, जाणारही नाही. तिथला पदार्थ स्थायू की द्रव हे त्यातून कुठला तरंग जातो यावरून ठरलं.

चिटणीसगोठ

मी मागितलं त्याच्या कितीतरी पट मिळालं. बर्फ-पाणी आणि हायड्रोजन-सल्फर डायऑक्साइड ही दोन उदाहरणं उद्याच वर्गात. मुरारकर दादांचं म्हणणंही खरं आहे, परीक्षेत मुली पुस्तकातलं वाक्य लिहितील आणि पुढे "व कणांमधलं बंधन ताठ असल्याने" एवढं जोडतील. त्याने गुण जाणार नाहीत आणि खोटंही राहणार नाही.

आता प्रयोग. ब्योने केला तो आम्हाला करता येईल का? किलोमीटरभर नळ कुठून आणायचा, पण शंभर मीटरचं लोखंडी रेलिंग किंवा उघड्यावरून गेलेला पाण्याचा जुना नळ शोधता येईल. रुळाला कान लावायला काही पालक सुचवत होते.

रूळ आणि खडी

रुळाला कान अजिबात नाही. रुळावर विनापरवाना जाणं गुन्हा आहे, आणि आजच्या विजेच्या गाड्या आवाज येईपर्यंत अंगावर असतात. आम्ही घोसीपुऱ्याला छोट्या लाइनच्या रुळाशी हे खेळलेले, पण ती श्योपूरची गाडी सायकलच्या वेगाने यायची. मुलींना रेलिंगकडेच न्या.

रेलिंग निवडताना जोड बघा. सलग वेल्डिंग असेल तरच आवाज पुढे जाईल. नटबोल्टचे सैल जोड असतील तर प्रत्येक जोडावर आवाज खाल्ला जातो, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटच्या जोडावर आम्ही तेच बघायचो. सिमेंटमध्ये रोवलेले खांब जितके कमी तितकं चांगलं. ठोका मोठ्या हातोड्याने नको, खड्याने टक करून एकच द्या.

अनुतरंग

शंभर मीटरला हवेतून आवाज ०.२९ सेकंदात येईल आणि लोखंडातून ०.०२ सेकंदात. पाव सेकंदाहून जास्त अंतर, कानाला दोन ठोके स्वच्छ वेगळे कळतील. एक कान रेलिंगला, दुसरा उघडा. साठ मीटर मिळालं तरी चालेल, त्याहून फार कमीत दोन ठोके मिसळायला लागतात. फोन रेलिंगला घट्ट टेकवून रेकॉर्ड केलं तर आवाजाच्या आलेखावर दोन उंचवटे दिसतील, त्यांच्यातलं अंतर मोजून मुली स्वतः वेग काढतील. लोखंडाचा वेग त्यातून काटेकोर येणार नाही, पण हवेचा चांगला येईल. त्या वेळचं तापमान लिहून ठेवायला सांगा आणि मे महिन्यात पुन्हा करा.

चिटणीसगोठ

त्या मुलीने आत्ताच फोनवर विचारलं: पाण्याने भरलेला नळ घेतला तर तीन ठोके ऐकू येतील का?

अनुतरंग

येतील, तीनच. लोखंडातून, मग पाण्यातून, मग बाहेरच्या हवेतून. शंभर मीटरला अनुक्रमे ०.०२, साधारण ०.०७ ते ०.०८ आणि ०.२९ सेकंद. नळाची भिंत थोडी फुगते म्हणून आत पाण्यातला वेग १४८० पेक्षा जरा कमी भरेल. पहिले दोन ठोके कानाला एकच वाटण्याची शक्यता आहे, त्यांच्यात सेकंदाच्या विसाव्या भागाचंच अंतर आहे. ते वेगळे बघायला फोनचं रेकॉर्डिंग वापरा, आणि नळ चालू नसताना करा, वाहत्या पाण्याचा खळखळाट मधला ठोका झाकून टाकतो.